छत ठोकणारा मेव्हणा

माझ्या बायकोच्या धाकट्या भावाइतका छताला भिणारा माणूस उभ्या ठाणे जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि याचाच सगळा जन्म चंद्रपूरकडच्या कोळशाच्या खाणीत, जमिनीच्या पोटात गेलेला. खाण बंद पडली, आत पाणी भरलं, तसा हा मानपाड्याला लेकीकडे राहायला आला. कुणाच्याही घरी गेला की चहाच्या आधी काठी उलटी धरून छत ठोकतो आणि कान देतो. आवाज टणक आला तर बसतो, पोकळ आला तर दारातच उभा. खाणीत पाळी सुरू करण्याआधी असंच ठोकून बघायचे म्हणे. माझ्या नातीच्या साखरपुड्यात यानं हॉलचं छत ठोकलं. ते पीओपीचं, पोकळच वाजणार! हा ओरडला, "बाहेर व्हा सगळे!" अर्धी माणसं प्लेटा घेऊन रस्त्यावर. मुलाचे वडील अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत, जसं काही मीच ठोकलेलं.

खाणीचा विषय काढायची खोटी, हा सुरू. गोऱ्या सायबानं कोळसा शोधायला पहिलं भोक कुठं पाडलं, सरकारनं खाण ताब्यात घेतली तेव्हा कसे पेढे वाटले, आणि छत तोलायला ठेवलेले कोळशाचे खांबही शेवटी कापत कापत हे लोक कसे मागं आले. हे सांगताना तो पुन्हा एकदा वर छताकडं बघून घेतो.

गेल्या वर्षी माझी बायको गेली. तेराव्याला वर्तकनगरच्या माझ्या खोलीत यानं काठी काढलीच. वरच्या बाई खाली आल्या. "काका, कोण ठोकतंय? बाळ उठलं ना माझं!" माझं डोकं फिरलेलं. म्हटलं, "ठोक रे, जोरात ठोक. पडू दे एकदाचं माझ्या अंगावर."

त्याची काठी खाली आली. छताकडं बघायचं सोडून तो माझ्याकडं बघायला लागला.

"भाऊजी, खांब काढल्यावर छत त्याच दिवशी पडत नाही जी. काही दिवस उभं राहते. तेच दिवस वाईट."

मी ताटं उचलायला लागलो.

"आम्ही लोखंडाचा टेकू नको म्हणायचो, लाकडाचा द्या. लाकूड मोडायच्या आधी आवाज करते, माणसाले पळायले वेळ भेटते. लोखंड मुकाट राहते अन् एकदम जाते. तुम्ही काहून असे मुकाट?"

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ त्याचा फोन. उचलायला उशीर झाला की शेजाऱ्यांना दार वाजवायला लावतो. "बोला काही." "काय बोलू, तुझं डोंबल?" "काहीही बोला जी." मग मी गुडघा सांगतो, नळाचं पाणी सांगतो, कच्चा राहिलेला भात सांगतो. तो श्वास धरून ऐकतो.

काल सांगण्यासारखं काहीच नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "तुझ्या ताईशिवाय करमत नाही रे मला."

मला वाटलं फोन कटला. मग त्यानं नाक ओढलं.

"ऐकून राहिलो जी," तो म्हणाला. "अजून बोला."