सुतळीची जाळी
खूप वर्षांपूर्वीचा, पोळ्याच्या करीचा दिवस. हजर: बाबा, त्यांनी मित्रांसोबत नुकताच काढलेला फुटबॉल क्लब, मोताळ्याहून आलेला संघ, आई आणि मी. काल किराणा दुकानात बारदानाचा वास आला आणि खामगावच्या मैदानावरचा तो पहिला सामना आठवला. मैदानात चिखल होता, सगळे अनवाणी होते आणि गोलाला जाळी नव्हती. शेवटी बाबांनी मारलेला चेंडू गोलाच्या लाकडी बल्लीला घासून गेला. आमचे म्हणाले आत, मोताळेकर म्हणाले बाहेर. भांडण पेटलं आणि मोताळेकर निघून जायला चपला शोधू लागले. जवळपास दुसरा संघच नव्हता. ते रुसून गेले असते तर आमचा क्लब खेळणार कुणाशी? तेवढ्यात बाबा म्हणाले, "मीच मारला, मले दिसलं. बाहेर गेला." त्यांचा कप्तान आपल्या गड्यांकडे वळला, "मंग आपण चपला काऊन शोधून राह्यलो बे?" आम्ही हरलो, पण पुढच्या रविवारी यायचं त्यांनी कबूल केलं. घरी आई बाबांना म्हणाली, "दर खेपेले असं खरं बोलत बसाल तं हरतच राहाल. त्यापेक्षा जाळी विणू." बारदानं उसवून, त्यांच्या सुतळीची एकाच गोलापुरती जाळी आम्ही रविवारच्या आत विणली. आज त्याच मैदानावर क्लबच्या मुलीही खेळतात. पूर्वेकडच्या गोलाला मात्र अजून जाळी नाही. सुतळी काल आणली आहे. विणायला बसायचं आहे.