पासवर्ड ‘काहून’

आमच्या घरचा पासवर्ड ‘काहून’ होता. तो मी घाईघाईत ठेवला होता आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

बाबा एस.टी.त कंडक्टर होते, नागपूर-उमरेड गाडीवर. त्याच गाडीवर वर्षानुवर्षं जे ड्रायव्हर होते, त्यांना मी काका म्हणते. नातं काही नाही, पण सख्ख्या काकांपेक्षा त्यांनीच मला जास्त रागावलं आहे. उमरेडच्या स्टँडवर गाडी लागली की काका डबा उघडायचे आणि बाबा समोर बसून साप्ताहिकाचा अंक मोठ्यानं वाचायचे. काकांचे हात तिखटाचे, म्हणून वाचायचं काम बाबांचं, अशी ती वाटणी होती. वर्गणीही दोघांत मिळून एकच. रिटायर झाल्यावर बाबा वाचून झालेला अंक ओळखीच्या कंडक्टरसोबत उमरेडला काकांच्या घरी पाठवायचे.

मग साप्ताहिकानं कागद बंद केला. आता दर रविवारी सकाळी ईमेलवर वार्तापत्र येऊ लागलं. त्यात लेखांची नावं, प्रत्येकाच्या दोन-दोन ओळी आणि खाली ‘पूर्ण वाचण्यासाठी प्रवेश करा’ असं लिहिलेलं. तिथं बोट ठेवलं की वेबसाइट मोबाइल नंबर आणि पासवर्ड मागायची. मी माझा जुना टॅब बाबांना दिला, नंबर त्यांचा घातला आणि विचारलं, “पासवर्ड काय ठेवू?”

“काहून?” बाबांनी संशयानं विचारलं. आमच्याकडे ‘का’ला ‘काहून’ म्हणतात.

मला ऑफिसला उशीर होत होता. मी तोच शब्द इंग्रजी अक्षरांत ठोकला आणि निघाले.

त्या रविवारी काकांचा फोन आला. बाबांचा फोन नेहमी स्पीकरवर असतो, त्यामुळे सगळं घर ऐकत होतं.

“पासवर्ड सांग गा.”

“काहून.”

“काहून म्हणजे? उघडून नाही राहिलं म्हनून!”

“अरे बाप्पा, काहूनच आहे तो.”

“मी तुले विचारून राहिलो आन् तू उलटा मलेच विचारून राहिला?”

आई स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होती. शेवटी मी फोन हिसकावून घेतला आणि एकेक अक्षर सांगितलं. पुढच्या रविवारी काका ते पुन्हा विसरले. तिसऱ्या रविवारीही विसरले, तेव्हा मला शंका आली की हे दोघं मजा घेताहेत.

वेबसाइटची आणखी एक खोड होती. एका नंबरावर एका वेळी एकालाच आत राहता यायचं. बाबा वाचत असताना तिकडे काकांनी प्रवेश केला की बाबांच्या टॅबवर पाटी यायची, ‘दुसऱ्या ठिकाणाहून प्रवेश झाल्यामुळे तुम्हाला बाहेर काढण्यात आले आहे.’ बाबा खवळायचे. “इतक्या वर्षांचा वर्गणीदार मी, मले बाहेर काढते!” मग उमरेडला फोन, मग भांडण, मग हसणं, आणि तोवर पोहे गार.

आई आजारी पडली तेव्हा हे सगळं थांबलं. दवाखान्यात काका दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा आईजवळ बराच वेळ बसले, मग बाबांना बाहेर व्हरांड्यात नेऊन म्हणाले, “वहिनीले घरी घेऊन जा गा आता. काहून तरास देऊन राहिला तिले?”

बाबांची सगळी आशा पुढच्या रिपोर्टवर टांगलेली होती. ते सगळ्यांसमोर ओरडले, “माह्या दारात पाय ठेवू नको आता!”

काका जिना उतरले. थोड्याच दिवसांत आई गेली. तेरवीला काका आले नाहीत. येऊ नको म्हणून बाबांनीच सांगितलं होतं, आणि तरी दिवसभर बाबांचं लक्ष दाराकडे होतं. मला दोघांचाही भयंकर राग आला. बरोबर कोण होतं ते मी अजून ठरवलेलं नाही आणि ठरवणारही नाही.

त्यानंतर कितीतरी रविवार वार्तापत्रं नुसती येऊन पडत राहिली. एका सकाळी मी बळेच टॅब बाबांच्या हातात दिला. ते वाचायला लागले, पान खाली सरकवलं, आणि पाटी आली. आता टॅब आपटतात की काय, असं मला वाटलं. बाबांनी तो हळूच मांडीवर ठेवला.

“आला,” ते म्हणाले.

“कोण आलं?”

“कोनी नाही. चहा ठेव वं.”

मला चहा गाळताना कळलं आणि तिथंच रडू आलं.

पुढे तोच क्रम झाला. बाबा वार्तापत्र यायच्या आधीच टॅब घेऊन बसायचे. बाहेर काढले गेले की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. मग कुंड्यांना पाणी घालायचे, तुळशीची वाळकी पानं खुडायचे, तिकडच्या माणसाचं वाचून होईल एवढा वेळ जाऊ द्यायचे आणि मगच पुन्हा आत जायचे. एका रविवारी त्यांना कोणीच बाहेर काढलं नाही. सगळे लेख निवांत वाचून झाले आणि जेवताना प्रत्येक पदार्थाला नावं ठेवून झाली. “उमरेडकडं लाइट गेली असन,” हात धुताना ते स्वतःशीच म्हणाले. पुढच्या रविवारी पाटी आली तेव्हा त्यांनी पोहे मागून घेतले.

“पासवर्ड बदलून टाकू का?” मी मुद्दाम विचारलं होतं एकदा.

“राहू दे. चालून राहिलं ना.”

“मग सरळ फोन करा त्यांना.”

“मी काहून करू?”

आणि मग वेबसाइटचं ते पत्र आलं. सुरक्षेसाठी पासवर्ड बंद. यापुढे प्रत्येक वेळी वर्गणीदाराच्या मोबाइलवर सहा आकड्यांचा कोड येईल, तो कोणालाही सांगू नये. बाबांनी मला ते दोनदा वाचायला लावलं.

“मंग त्याचं?” त्यांनी विचारलं. व्हरांड्यातल्या त्या दिवसानंतर ते पहिल्यांदाच स्वतःहून माझ्याशी काकांविषयी बोलत होते.

“त्यांचं दार बंद,” मी म्हणाले. माझी जीभ अशीच आहे. “कोड तुमच्या फोनवर येणार. तुम्ही सांगाल तर ते आत, नाही तर नाही.”

बाबा खिडकीबाहेर पाहत राहिले. “माह्याच्यानं नाही होत वं फोन,” ते म्हणाले. त्यांचा तो पडलेला आवाज मला सहन झाला नाही.

रविवार उजाडला. कोड आला, बाबा आत गेले. पहिला लेख उघडला आणि तसाच उघडा राहिला. चहावर साय आली. तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. पुन्हा एक कोड.

“मी तं आतच आहे,” बाबा म्हणाले. “हा कोनी मागितला?”

“हात लावू नका,” मी ओरडले. ऑफिसात रोज असल्या फसवणुकीच्या सूचना वाचून माझं डोकं तसंच चालतं. “कोणी तरी चोर असेल.”

“चोर रविवारी साप्ताहिक वाचते काय वं?”

एवढं बोलून ते थबकले. माझ्याही लक्षात आलं. तिकडे उमरेडला कोणी तरी बाबांचा नंबर घातला होता, आणि आता त्याच्यासमोर कोड भरायच्या सहा रिकाम्या चौकटी होत्या. कोड इकडे येणार, हे काकांना ठाऊक होतं की त्यांनी सवयीनं बटण दाबलं, ते मी त्यांना अजून विचारलेलं नाही.

कोड काही मिनिटंच चालतो. बाबा फोन हातात धरून बसले. वेळ संपली. बाबांनी डोळे मिटून घेतले.

फोन पुन्हा वाजला. नवा कोड आला होता.

“उभा आहे,” बाबा म्हणाले. “अजून उभा आहे तो.”

त्यांनी नंबर शोधला नाही, तोंडपाठ होता तो दाबला. पहिल्याच रिंगला उचलला गेला. बाबांनी हॅलो म्हटलं नाही, कसा आहेस विचारलं नाही.

“लिहून घे,” ते म्हणाले, आणि गर्दीच्या गाडीत थांब्याचं नाव पुकारावं तशा आवाजात त्यांनी एकेक आकडा दोनदा सांगितला.

 पलीकडून काकांचा आवाज आला, पूर्वीपेक्षा बराच बसलेला.

“काहून नाही चालत आता?”

ते पासवर्डाबद्दल विचारत होते की नुसतंच का म्हणून, देव जाणे. बाबा हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. त्यांना रडताना मी आईच्या वेळीसुद्धा पाहिलं नव्हतं.

“नाही चालत गा,” ते म्हणाले. “बंद झालं ते. आता दरवेळी मलेच विचारा लागते.”

“विचारीन.”

बाबांच्या मांडीवरच्या टॅबवर पाटी आली. त्यांनी ती वाचली आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले.

“आला आत?”

“आलो.”

“मंग वाच मोठ्यानं. मले बाहेर काढलं तुनं.”

“माहे हात तर्रीचे आहे गा. डाव्या हातानं दाबून राहिलो इथं.”

“धुऊन ये,” बाबा म्हणाले. “मी कुठं जात नाही.”

पलीकडे नळ सोडल्याचा आवाज आला. बाबा फोन दोन्ही हातांत धरून बसून राहिले.