शेवटच्या तोफेमागे

बुकित बातोकच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडईत, दर शनिवारी एक काळा, पिकल्या केसांचा अमेरिकन कॉफी घेऊन बसायचा. माझ्यासारखाच जहाजावरचा इंजिनिअर. समोर जाडजूड पुस्तक, आणि टेबलावर बाटल्यांची बुचं. पुस्तकात बघायचा, बुचं सरकवायचा.

एकदा न राहवून विचारलंच. बुचं म्हणजे तोफा, म्हणाला. अमेरिकेतल्या यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने, म्हणजे गुलामगिरी टिकवायला लढलेला एक तोफखाना. त्याचा कॅप्टन कुठे कुठे लढला, हे तो वर्षानुवर्षं शोधत होता.

मी चक्रावलो. याला त्या लोकांचा कसला पुळका?

"कॅप्टन तुमचा कोण?" विचारत मी शेवटच्या बुचामागे पडलेला एक शेंगदाणा सहज उचलला. तोंडात टाकणार, तोच त्याने माझं मनगट धरलं.

"तो माझा पणजोबा आहे," तो म्हणाला. "कॅप्टनचा गुलाम. तोफांचे घोडे सांभाळायचा. कॅप्टनचं सगळं लिहून ठेवलंय, याचं नावसुद्धा नाही. म्हणून मी कॅप्टनच्या मागावर आहे. जिथे तो, तिथे हा."

मी ओशाळून शेंगदाणा परत ठेवला. त्याने तो बोटाने किंचित डावीकडे सरकवला.

"इथे उभा होता."