अण्णांचा शारजातला बंगला

सासऱ्यांचा व्हिजा संपायला आठवडा उरला, तेव्हा कुठे आम्हाला त्यांचा बंगला बघायला सवड झाली. अण्णा तरुणपणी शारजात वेल्डर होते. "मोत्यांच्या व्यापाऱ्याच्या बंगल्यात राहायचो," हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं होतं, की आमच्याकडे थापेलाच 'बंगला' म्हणायची पद्धत पडली. परवा माझी मुलगी इराही विचारून मोकळी झाली, "आजोबा, इज इट इव्हन रिअल?" तेव्हा अण्णांनी हट्टच धरला. परत जाण्याआधी नातीला ते घर दाखवायचंच.

शनिवारी सकाळी लवकर आम्ही राहतो त्या मोहम्मद बिन झायद सिटीतून निघालो. तुम्हीही लवकरच निघा; शारजाच्या अलीकडे ट्रॅफिक तुंबलं की गाडीत भांडणं होतात. आमचंही झालं, नेहमीच्याच विषयावरून. इराला आमच्या खोलीत घेऊन तिची खोली अण्णांना दिली, तर त्यांनी तिला परत पाठवलं. ती शाळेत गेली की तिच्या पलंगावर झोपायचे आणि ती यायच्या आत चादरीची घडी करून, उशी उलटी ठेवून उठायचे. रात्री हॉलमधला सोफा! "लोक म्हणतील, सून झोपायला जागा देत नाही," मी सुनावलं.

जुन्या वस्तीत घर चटकन सापडलं. प्रवाळाच्या दगडांच्या भिंती, नक्षीदार दार, आत छान गारवा. डागडुजी इतकी चोख, की इथे कुणी कधी राहिलं असेल असं वाटूच नये. तिकीट माणशी दहा दिरम.

"म्हणजे सव्वादोनशेच्या वर रुपये! माझ्याच घरात शिरायला?" अण्णा म्हणाले. माझ्या नवऱ्याने, संदीपने, मुकाट्याने कार्ड पुढे केलं.

फलकावर व्यापाऱ्याचं सगळं घराणं होतं. ते संपलं की थेट डागडुजीवाले. मध्ये कुणीच नाही.

माडीवर मखमली गाद्यांभोवती दोरी बांधली होती. अण्णांनी पलीकडचा कोपरा दाखवला. "इथे माझी खाट."

"चाचा, ये तो सेठ का कमरा है," हैदराबादी गाईड हसला.

"सेठ नया व्हिला में गया, फिर हम लोग आया. चौदा आदमी. खाट सात."

"सेव्हन बेड्स? हाऊ?" इराने विचारलं.

"निम्मे दिवसा झोपायचे, निम्मे रात्री. मला रात्रपाळी. माझ्या खाटेवर रात्री दापोलीचा बबन. मी आलो की तो निघायचा, धड बोलणंसुद्धा नाही. पण उठताना चादरीची घडी करायची, उशी उलटायची. दुसऱ्याला आपला घाम नको."

गाईडने फलकाकडे पाहिलं. फलकाने काही मदत केली नाही.

मी म्हणाले, "अण्णा, पण आता खोली तुमचीच आहे ना?"

"सवय गं. अख्खा पलंग माझा एकट्याचा म्हटलं, की झोपच येत नाही."

मग शारजातल्याच रोला भागात मिसळ खाल्ली. तर्री मागून घ्या, आपणहून देत नाहीत. संध्याकाळी घरी आलो. सोबत आणलं काहीच नाही, फक्त थापेला आता दुसरा शब्द शोधावा लागणार होता.

सोमवारी सकाळी स्कूल बसचा हॉर्न वाजला. आवरायला इराच्या खोलीत गेले, तर चादरीची वेडीवाकडी घडी केलेली होती आणि उशी उलटी. दारातून तिचा आवाज आला, "आजोबा, यल्ला! युअर शिफ्ट!"