बत्तीस-वीसची जोडी

शरच्चंद्र बिवलकर यांनी आयुष्यात एकही जनावर मारलेलं नाही. घरातलं झुरळसुद्धा हेमाकाकू मारतात. तरी शनिवार पेठेतल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत रोज संध्याकाळी शिकार होते आणि गेली तीन वर्षं मी तिला हजर आहे. मी त्यांचा पेइंग गेस्ट. माझी खोली गॅलरीला लागून आहे, त्यामुळे शिकार चुकवायची तर खोलीत जायला वाटच उरत नाही.

शिकारीची वेळ साधारण साडेसहा. खाली रस्त्यावर हॉर्न टिपेला पोचतात, काका वेताच्या खुर्चीत मागे रेलतात आणि डोळे मिटून म्हणतात, "पहाट आहे. नाल्यात धुकं आहे."

मग ते बसल्या बसल्या तासभर चालतात. सागाची पानं पायाखाली वाजू नयेत म्हणून कडेकडेनं चालतात. दव पायजम्याला लागतं. लांब कुठेतरी चितळ एकदाच ओरडतं आणि सगळं रान कान देऊन उभं राहतं. काकांच्या खांद्याला रायफल असते आणि कमरेला रिव्हॉल्व्हर. दोन्हींत एकच काडतूस चालतं, बत्तीस-वीस नावाचं.

"खुबी कळली का वाशीमकर?" माझं नाव त्यांना माहीत आहे, पण ते मला गावावरूनच हाक मारतात. "खिसा एकच. काळोखात चाचपत बसायला नको, की हे याचं का त्याचं. लांबचं रायफलीनं. आणि जखमी जनावर झुडपातून अंगावर आलंच, तर रिव्हॉल्व्हर."

झुडूप जवळ येतं. एक पान हलतं. आणि नेमके तिथेच काका थांबतात. तीन वर्षांत मी बार ऐकलेला नाही.

आतून काकू विचारतात, "झालं का मारून? कुकर लावायचाय."

"वारा फिरला."

"रोज बरा फिरतो मेला."

जोडी मात्र खरी आहे, आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, कुलपात. काकांचे वडील नाना एका गिरणीत फोरमन होते. एकोणीसशे एकोणसत्तर साली त्यांनी नोकरी सोडून निघालेल्या एका साहेबाकडून रायफल घेतली. चापाभोवतीची कडी खाली ओढून परत वर घ्यायची, की रिकामी पुंगळी बाहेर आणि नवं काडतूस आत, अशी ती लिव्हरची रायफल. मग तेच काडतूस खाणारं रिव्हॉल्व्हर शोधण्यात त्यांनी दोन वर्षं घालवली. एखाद्या मुलीसाठी स्थळ पाहावं तसं शोधलं, असं काका म्हणतात. बहात्तरच्या दिवाळीत मेळघाटात जायचं ठरलं. डबे, कंदील, मच्छरदाणी, सगळं बांधून झालं आणि त्याच वर्षी सप्टेंबरात शिकारबंदीचा कायदा आला. नाना सरळ माणूस. त्यांनी मच्छरदाणी सोडून घरातल्या पलंगाला बांधली.

त्यांच्यामागे जोडी काकांच्या परवान्यावर आली. काका भोसरीच्या एका कारखान्यात पंपांची ड्रॉइंग काढायचे, पस्तीस वर्षं. जंगलात शिकार नाही तर नाही, निदान नेमबाजीच्या रेंजवर तरी दोन्ही वाजवावीत, असं त्यांना दर वर्षी वाटायचं. पण काडतुसं उरली होती आठ. आधी ती जपायची म्हणून जपली, मग बाजारात मिळेनाशी झाली म्हणून जपली. रायफल नानांनी घेताना वाजवून पाहिली होती. रिव्हॉल्व्हर या घरात आल्यापासून एकदाही वाजलं नव्हतं.

यंदा काका सत्त्याहत्तर वर्षांचे झाले. उजवा हात चहाचा कप धरताना बशीशी बोलायला लागला. परवान्याचं नूतनीकरण डिसेंबरात होतं आणि त्याला डॉक्टरचा दाखला लागतो. त्यांच्या मुलीनं, स्पृहाताईनं, फोनवरच निकाल दिला, "बाबा, बास. दोन्ही पोलिसांत जमा करून टाका." काकूंनी जमा करण्याचा अर्ज आणला, स्वतःच भरला आणि सहीपुरता काकांसमोर ठेवला.

"करतो," काका म्हणाले. "पण जोडी एकदा एकत्र वाजली पाहिजे. चार रायफलीतून, चार रिव्हॉल्व्हरमधून. एका दिवशी, एकाच डबीतून. नंतर खुशाल न्या."

"आणि नाही वाजली तर?"

"तर सही नाही. आणा डॉक्टर. कप दोन हातांनी धरीन."

काकू माझ्याकडे वळल्या. "तुम्ही वाशीमहून शिकायला आलात ना हो? शिका. म्हातारपणी काय करायचं नाही, ते बघून ठेवा."

नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी मी त्यांची जुनी गाडी चालवत दोघांना खडकवासल्याच्या पुढच्या एका क्लबच्या रेंजवर घेऊन गेलो. पुढे काका, मांडीवर परवाना. मागे काकू, मांडीवर अर्ज. धरणाच्या पाण्यावर धुकं तरंगत होतं आणि काका खिडकीतून असे बघत होते, की मला वाटलं, हे आत्ताच उतरून चालायला लागतील.

रेंज सांभाळणारे पृथ्वीराज सैन्यातून निवृत्त झालेले, जवळच्याच गावचे. त्यांनी दोन्ही हत्यारं पाहिली, नळ्यांतून उजेड पाहिला आणि रायफल पुन्हा हातात घेतली.

"काका, ही जोडी हाय होय? एकाच गोळीची?"

"एकाच गोळीची."

"ऐकलं हुतं. बघितली नव्हती कधी." मग त्यांनी डबी उघडली आणि एक काडतूस नखानं खरवडलं. "ह्ये तांबडं काय लागलंय?"

"कुंकू," काका म्हणाले. "खंडेनवमीला शस्त्रपूजा करतो ना."

"काडतुसाची?"

"सगळ्यांची. आधी तेलाचं बोट, मग हळदकुंकू. नानांपासून. एकाही वर्षी चुकलेलं नाही."

"तेल कुठं लावता?"

काकांनी काडतूस उलटं करून त्याच्या बुडावरच्या इवल्याशा गोल टोपीवर बोट ठेवलं. घोडा पडतो तो बरोबर तिथेच. आग तिथे लागते.

पृथ्वीराजांनी स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढून डोकं खाजवलं. "पन्नास वर्सं दारूला अभ्यंग घातलंय तुमी, काका. तेल आत मुरतंय. हिचा बार उडंल का, देवालाच ठाव."

काकांचा चेहरा असा झाला, जणू पस्तीस वर्षं काढलेल्या सगळ्या ड्रॉइंगांत एकच माप चुकलं होतं, हे आज कुणीतरी दाखवून दिलं. काकूंच्या तोंडावर चार वाक्यं तयार होती, मला दिसत होती. त्यांनी ती गिळली. लग्नाला एकावन्न वर्षं झाली म्हणून गिळली असावीत.

"बघू तर," काका म्हणाले.

रायफलीत चार भरली. काका स्टुलावर बसले, दस्ता खांद्याला लावला, आणि हात थरथरायचा थांबला. त्यांनी कडी ओढली, परत घेतली, तो आवाज फार सुंदर होता. चाप ओढला.

टक्.

"हलू नका!" पृथ्वीराज म्हणाले. "नळी निशाण्याकडंच. तीस आकडे मोजा. कधी कधी उशिरानं उडतं."

काका तीस आकडे मोजत बसले. आणि मी तीन वर्षं रोज बघतो तेच मला दिसलं. त्यांचे डोळे उघडे होते, पण ते रेंजवर नव्हते. समोर मातीचा बांध होता, त्यावर गवत होतं, आणि गवत वाऱ्यानं हललं. काका तिथे उभे होते, नाल्यात, धुक्यात. चितळ ओरडून गेलं होतं. शेजारी कुणीतरी श्वास रोखून उभं होतं, आणि ते मच्छरदाणी, कंदील घेऊन आलेले नाना असावेत, असं मला उगीच वाटलं. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस.

कडी ओढली. न उडालेलं काडतूस बाहेर पडलं. पुन्हा टक्. पुन्हा तीस आकडे रान. चारही काडतुसं तशीच गेली. दोन मिनिटांत काका मेळघाटात इतके आत गेले होते, की "आता रिव्हॉल्व्हर" हे त्यांना दोनदा सांगावं लागलं.

रिव्हॉल्व्हरच्या चक्रीत उरलेली चार. टक्, तीस. टक्, तीस. काकूंनी अर्जाची घडी घातली आणि पर्समध्ये टाकली. आठव्या टक् नंतरचे तीस आकडे मोजून झाल्यावर काकांनी रिव्हॉल्व्हर खाली ठेवलं आणि बांधाकडे बघत राहिले.

"संपलं," ते म्हणाले. असं ते गॅलरीत कधीच म्हणत नाहीत.

मग पृथ्वीराजांनी रायफलीतून पडलेली चार काडतुसं बाकावर ओळीनं लावली आणि एकेकाचं बूड उजेडात धरून पाहिलं. चारींवर रायफलीच्या घोड्याचा बारीक खड्डा पडला होता. "काका, दुसरा ठोका बसला की कधी कधी पेटतं. पर रायफलीचा ठोका जरा मऊ हाय. ह्या रिव्हॉल्व्हरचा घोडा जोरात पडतोय, आवाजावरनं कळतंय. ही चार ह्याच्यात घालून बघा. बसतीलच की, एकच माप हाय."

काकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू खुबी आयुष्यभर आपण सांगितली आणि आज ती दुसऱ्यानं आपल्याला सांगितली.

पहिलं, टक्. दुसरं, टक्. तिसऱ्याला बार उडाला.

मी वाशीमचा, लग्नाच्या वरातीतल्या आवाजांवर वाढलेला, पण मीही दचकलो. बांधावरचे दोन पारवे उडाले. निशाण्याचा कागद जसाच्या तसा होता. गोळी त्याच्या हातभर डावीकडे मातीत गेली होती. काका रिव्हॉल्व्हर धरून बसले होते, नळीतून धूर निघत होता, आणि चौथं काडतूस अजून बाकी होतं.

"चौथं?" पृथ्वीराजांनी विचारलं.

"नको."

पृथ्वीराजांनी नळी तपासली, चक्री रिकामी केली आणि तिसरी पुंगळी काकांच्या तळहातावर ठेवली. ती अजून गरम होती. तिच्या बुडावर दोन खड्डे होते, एकमेकांना जेमतेम चिकटलेले. एक रायफलीचा, एक रिव्हॉल्व्हरचा. काकांनी चष्मा वर करून ते खड्डे ड्रॉइंग तपासल्यासारखे तपासले. मग काकूंपुढे हात केला.

"काय हवंय?" काकू म्हणाल्या.

"अर्ज."

"आठांतलं एक वाजलं, तेसुद्धा भलतीकडे. अट चार-चारची होती."

"पेन आहे का तुमच्याकडे?"

काकूंनी पर्समधून अर्ज आणि पेन काढून दिलं. काकांनी अर्ज बाकावर ठेवला आणि सही केली, ड्रॉइंगखाली करायचे तशी, सरळ, लहान. अर्जात एक रकाना काकूंनी कोरा सोडला होता, शस्त्रं जमा करण्याचं कारण. त्यात वय लिहायचं की तब्येत, यावर त्यांचं आणि स्पृहाताईचं एकमत झालं नव्हतं. काकांनी तिथे सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'काम झाले.'

काकूंनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं.

"असलं कारण चालतं का हो कुठे?"

"चालत नसेल तर परत पाठवतील," काका म्हणाले आणि उठायला त्यांनी काकूंचा हात धरला.