गच्चीवरचा अँटेना

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. ज्यांच्याबद्दल आहे ते गृहस्थ आता नाहीत, आणि माझंही वय झालंय.

नव्वदच्या दशकात नेरुळला ते आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. जहाजावरचे निवृत्त रेडिओ ऑफिसर. कुठल्याशा बंदरातून त्यांनी एक खेळ आणला होता. भविष्यातलं शहर, त्यात आपण चोर; कंपन्यांच्या कॉम्प्युटरमध्ये बिनतारी घुसून माहिती पळवायची. पट नाही. फासे, कागद आणि त्यांचं बोलणं. सोसायटीत एकाकडेही कॉम्प्युटर नव्हता, पण आम्ही चार संसारी माणसं दर रविवारी दुपारी हॅकिंग करायचो.

पुस्तकातले नियम त्यांना पटत नसत. "लिफ्टची मोटर चालू असताना सिग्नल शुद्ध मिळेल? फाशातून दोन वजा." शेजारी वेल्डिंग असेल तर तीन.

"अहो, चोरी तरी करू द्या," मी म्हणायचो.

"करा की. आधी खरखर कुठून येते ते शोधा. एकेक वस्तू बंद करून बघा. सुरुवात आपल्या घरापासून."

गच्चीवर त्यांचा रीतसर परवान्याचा अँटेना होता. संध्याकाळी त्यावरून ते जुन्या जहाजी दोस्तांशी बोलत. बायको गेल्यावर तेवढीच माणसं त्यांना उरली होती.

एका उन्हाळ्यात, ऐन क्रिकेटच्या दिवसांत, सगळ्यांच्या टीव्हीवर रेघा यायला लागल्या. मी सेक्रेटरी. अँटेना उतरवण्यासाठी मीटिंगची नोटीस लावून मोकळा झालो. मग सहज, खेळात शिकलो तसं, घरातली एकेक वस्तू बंद करून पाहिली. टीव्हीचा स्वस्तातला बूस्टर बंद केला, तशा शेजारच्या वहिनी दारात आल्या. "भाऊ, आमचं चित्र साफ झालं. अँटेना उतरवला वाटतं?"

त्या गेल्यावर मी बूस्टर पुन्हा चालू केला. नोटिशीवर माझी सही होती.

मीटिंगमध्ये त्यांनी फक्त मला विचारलं, "सेक्रेटरी, एकेक बंद करून बघितलंत?"

"बघितलं. तुमचाच अँटेना आहे."

"मग काढतो."

बूस्टर मी भंगारात दिला. अँटेना उतरला, रेघा गेल्या, सगळे खूश. ते मात्र कित्येक दिवस आपला रेडिओ सेट उघडून त्यातला दोष शोधत बसले. रविवारचा खेळ बंद पडला. पुढे ते उरणजवळ मोऱ्याला भावाकडे राहायला गेले.

एकदा धीर करून तिथे गेलो. त्यांनी चहा दिला, आणि ओशाळून विचारलं, "टीव्ही आता नीट दिसतो ना सगळ्यांचा?"

दोष माझ्या बूस्टरचा होता, मी खोटं बोललो, मला माफ करा. एवढंच म्हणायचं होतं.

"छान दिसतो," मी म्हणालो.