चालत्या गाडीवरचा चेहरा

कारधा गावातल्या अर्ध्या लोकांनी अपेक्षाला पोलीस समजून सलाम ठोकला, आणि उरलेल्यांनी तिला पाहताच गाडी वळवून धूम ठोकली. आता अशानं माणसानं फोटोग्राफी शिकावी तरी कशी, तुम्हीच सांगा!

झालं होतं असं. वैनगंगेच्या पुलापलीकडे, भंडाऱ्यात, प्रविणचा फोटो स्टुडिओ. अपेक्षा तिथं कामाला. काम काय, तर लग्नात लाइटचा स्टँड धरून उभं राहायचं, आणि फारच झालं तर हळदीत बायकांचे फोटो काढायचे. वरात निघाली की मेन कॅमेरा दुसऱ्याच्या गळ्यात. आजकालचे नवरदेव घोड्यावर थोडेच येतात? मोटरसायकलवर येतात, आणि धावत्या गाडीवरचाच फोटो मागतात. "ते तुले जमत नाही, तुहा हात हलते," असं प्रविण चारचौघांत बोलला. अपेक्षाला ते असं झोंबलं, की तिनं तिथल्या तिथं विचारलं, "आणि जमलं तर?"

"तुळशीच्या लग्नाआधी एक फोटो आणून दाखव. गाडी धावताना दिसली पाहिजे अन् माणसाचा चेहरा एकदम साफ. मग या सिझनले मेन कॅमेरा तुहाच."

त्यानं टाळायला म्हटलं होतं. पण पोरगी इरेला पेटली. त्याचाच जुना कॅमेरा मागून घरी घेऊन आली.

असा फोटो म्हणजे गंमत नाही हो. शटर हळू ठेवायचं, पाय रोवायचे आणि समोरून जाणाऱ्या गाडीबरोबर कमरेतून अख्खं अंग फिरवायचं. अंग मागे राहिलं तर माणूस पुसट. पुढे गेलं तर माणसाचं डोकंच फोटोबाहेर. बरोबर जमलं, तरच मागची झाडं रेघांसारखी पळतात आणि चेहरा जागच्या जागी राहतो. हे सगळं ती मोबाइलवर पाहून शिकली. पण पाहणं वेगळं आणि करणं वेगळं.

रोज सकाळी ती तोंडाला स्कार्फ बांधून गावाच्या वळणावर उभी राहायची. झालं! कॅमेरा दिसला की लोकांना वाटायचं, बिनाहेल्मेटवाल्यांचे फोटो काढून चालान पाठवणार. सुसाट येणारी गाडी एकदम बैलगाडी व्हायची. कवडू मासेवाल्यानं तर गाडी थांबवून लायसन्सच तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, "मॅडम, मच्छी सडून जाईन, आजच्या दिवस सोडा." धावती गाडीच नाही, तर धावत्या गाडीचा फोटो कुठून येणार?

बरं, स्कार्फ सोडून सांगावं की बाप्पा, मी पोलीस नाही, तर तेही शक्य नव्हतं. कारण बाबा. सुखराम म्हणजे धानाचा व्यापारी आणि वर गावच्या तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष. बोलणं मोजकं आणि हसणं त्याहून मोजकं. हळदीपुरतं ठीक आहे, पण पोरीनं वरातीपुढं कॅमेरा घेऊन धावायचं नाही, असा त्याचा हुकूम होता. सकाळी ती कम्प्युटर क्लासला जाते अशीच त्याची समजूत. आई, चंद्रकला, सगळं जाणून होती आणि गप्प होती.

मग अपेक्षानं जागा बदलली. रस्त्याखालच्या धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, उतरली आणि धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, लावलेल्या तुरीच्या आड बसली. आता ती कोणालाच दिसेना. गाड्या पुन्हा पहिल्यासारख्या भन्नाट येऊ लागल्या, आणि खालून पाहिल्यावर साधी फटफटीही कशी रुबाबदार दिसते ते तिला तिथं कळलं. गुडघे चिखलानं भरले. डास चावून चावून बेजार. आजचा फोटो कालच्यापेक्षा कमी पुसट, एवढंच काय ते समाधान. दिवाळी गेली, तुळशीचं लग्न तोंडावर आलं, तरी तो एक फोटो काही निघेना. तिला रडू यायचं, पण दुसऱ्या सकाळी ती धुऱ्यावर हजर असायची.

अशाच एका सकाळी वळणावरून एक गाडी आली. चालवणारा कोण हे बघायला वेळच नव्हता. तिनं अंग फिरवलं, बटन दाबलं आणि मग कॅमेऱ्यात पाहिलं. मागची पळसाची झाडं रेघा-रेघा. चाकं गरगरलेली. आणि चेहरा? अगदी साफ. डोळे अर्धे मिटलेले, मान मागं टाकलेली, तोंड उघडं, गळ्याच्या शिरा फुगलेल्या. माणूस जिवाच्या आकांतानं गात होता.

आणि तो माणूस सुखराम होता.

अपेक्षानं कॅमेरा डोळ्यांजवळ आणून पुन्हा पाहिलं. बाबा गातात? आपले बाबा? डोक्यावर हेल्मेट नाही, आणि ग्रामसभेत उभं राहून सगळ्या गावाला हेल्मेटचं भाषण देणारे हेच! हा फोटो प्रविणला दिला तर काम फत्ते. पण तो स्टुडिओच्या काचेत लागणार, आणि मग अख्खा भंडारा तंटामुक्तीच्या अध्यक्षांना पोट धरून हसणार. न सांगता द्यावा, असं क्षणभर तिच्या मनात आलंसुद्धा. पण चोरून शिकले, आता चोरून कमवायचंही का, याचीच तिला लाज वाटली.

संध्याकाळी बाबांचं जेवण आटोपल्यावर तिनं कॅमेरा समोर धरला आणि सगळं खरं सांगून टाकलं.

सुखरामच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. "तू रस्त्यावर बसून राहिली? क्लासच्या नावानं? पहिले हा फोटो मिटव!"

"नाही मिटवत."

"काय म्हटलं?"

"तुम्ही नाही म्हणसान तर कोणाले दाखवणार नाही. पण मिटवणार नाही, बाबा. इतक्या सकाळा चिखलात बसली, तवा हा एक निघाला." तिनं नजर खाली जाऊ दिली नाही.

चंद्रकला हात पुसत आली, कॅमेऱ्यात डोकावली आणि कितीतरी वेळ बघतच राहिली.

"लग्न करून सानगडीवरून मले गाडीवर आणलं, तवा सारा रस्ता असेच गात होते," ती लेकीला म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "मले वाटलं गाणं सुटलं तुमचं. म्हणजे गाता तुमी अजून! काहून जी, घरातच चूप राहाचं असते काय?"

सुखराम उठून अंगणात जाऊन उभा राहिला. त्यापेक्षा बाबांचं ओरडणं अपेक्षाला परवडलं असतं.

सकाळी ती कॅमेरा घेऊन निघाली तर अंगणात गाडी पुसलेली. बाबा हेल्मेट घालून बसलेले, मागे आई ठेवणीतलं लुगडं नेसून. "सानगडीले जाऊन राहिलो," सुखराम दुसरीकडेच बघत म्हणाला. "तू जाय समोर. कुठं बसतेस ते मले नको सांगू, नाहीतर मी अकडून जाईन."

अपेक्षा धुऱ्याकडे पळत सुटली. कालचा फोटो नशिबानं आला होता, हे तिला ठाऊक होतं. आज नशिबावर सोडायचं नव्हतं. तिनं चिखलात पाय रोवले. गाडी वळणावर आली, हेल्मेटच्या आतून गाणं ऐकू आलं, आणि मागे चंद्रकला पदर दातात धरून पोरीसारखी हसत होती. अपेक्षा गाडीबरोबर फिरली. एकदाच बटन दाबलं.

स्टुडिओत प्रविणनं तो फोटो मोठा करून करून पाहिला. हसताना आईच्या डोळ्यांपाशी पडलेली सुरकुती न् सुरकुती मोजून घ्यावी इतकी साफ होती.

"तुक्का तर नाही ना लागला?"

"उद्या सकाळी कारध्याले या. तुम्हीच चालवा गाडी. काढून दाखवीन."

प्रविण हसला आणि मेन कॅमेऱ्याची बॅग त्यानं स्वतःच्या खांद्यावरून काढून तिच्या खांद्यावर दिली.

ती बॅग घेऊनच ती दिवस मावळता घरी पोचली. मागोमाग सानगडीहून गाडी आली, अंगणात लागली. इंजिन बंद झालं. चंद्रकला उतरली. सुखरामनं लेकीच्या खांद्यावरची बॅग पाहिली. तरी हेल्मेटच्या आतलं गाणं काही थांबलं नव्हतं.